कमोडची खुर्ची

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि नंतरचा महिनाभर त्या आमच्याकडे राहणार हेही ठरलं. म्हणून एका रात्री मी कमोडची खुर्ची शोधली. एकदाच. किमती पाहिल्या आणि झोपलो.

सकाळी हवामान बघायला गेलो तर ढगांखाली खुर्ची. शब्दकोडं उघडलं तर आडव्या शब्दांशेजारी खुर्ची, दहा टक्के सवलतीत. ऑफिसात स्क्रीन शेअर करून सगळ्यांना एक बातमी दाखवत होतो, तर मधोमध तीच. साहेब हळूच म्हणाले, "लागली तर सुट्टी घ्या."

संगणक शिकणाऱ्या भाच्याला बोलावलं. तो म्हणाला, "मामा, हा कुकीचा प्रताप." कुकी म्हणजे साइटनं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुलीनं ती काढली ती सज्जन हेतूनं, दुकानातली आपली टोपली लक्षात राहावी म्हणून. पण एकेका पानावर दहा परक्या कंपन्यांचे तुकडे असतात, आणि त्याही आपापली चिठ्ठी चिकटवतात. म्हणजे तुम्ही कुठल्याही लग्नाला जा, पंगतीत समोर तोच अनोळखी माणूस, आणि तुम्ही किती जिलब्या घेतल्या ते लिहून घेतोय! काही ठिकाणी तर तो एका पिक्सेलएवढं पारदर्शक चित्र होऊन बसतो. ईमेल उघडली की त्याला कळतं.

मग मी इरेला पेटलो. आधी इनकॉग्निटो. त्यात आपण काय पाहिलं ते फक्त आपलाच फोन विसरतो. बायकोपासून लपतं, बाकीच्यांना दिसतं. (माझी गरज नेमकी उलटी होती. बायकोनंच शोधायला सांगितलं होतं.) नंतर 'माझा माग काढू नका' असं एक बटण सापडलं. जिन्यातल्या 'येथे थुंकू नये' पाटीला जितका मान, तितकाच त्याला. शेवटी जाहिराती अडवणारी तीन एक्स्टेन्शन्स, इंटरनेटवरचा आपला पत्ता झाकणारं व्हीपीएन आणि कुणी न ऐकलेला ब्राउझर. बँकेची साइट मला ओळखेना. दर वेळी ओटीपी. बरं वाटलं.

भाच्यानं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या इंटरनेटवरच्या खासगीपणासाठी झटणाऱ्या संस्थेची 'कव्हर युअर ट्रॅक्स' ही चाचणी लावली. ती स्क्रीनचा आकार, भाषा, फॉन्ट असं सगळं जुळवून ब्राउझरचा ठसा काढते. निकाल आला : माझ्यासारखा मीच. २०१० मध्ये याच संस्थेनं सुमारे ४.७ लाख ब्राउझर तपासले, तेव्हा शंभरातले सुमारे ८४ असेच एकमेवाद्वितीय निघाले होते. पण माझं एकमेवपण जास्त कमावलेलं. सोसायटीच्या गणपतीच्या नोटिशींसाठी मी नक्षीदार मराठी फॉन्ट टाकले होते, तेही बोंबलत होते.

"मामा, अख्खी पंगत उघड्या तोंडानं जेवतेय आणि तुम्ही हेल्मेट घालून बसलात," भाचा म्हणाला. "कोण दिसेल?"

दोन एक्स्टेन्शन्स आणि तो ब्राउझर काढून टाकले. एक ठेवलं, परक्या कुकी बंद केल्या. खुर्ची मात्र ऑनलाइन घ्यायची नाही यावर ठाम राहिलो. फोन घरी ठेवून सर्जिकलच्या दुकानात गेलो, खुर्ची निवडली आणि हेल्मेट न काढताच रोख पैसे पुढे केले.

दुकानदारानं बिलबुक उघडलं. "मोबाइल नंबर?"

मी सांगितला. दोनदा, नीट ऐकू गेला नाही म्हणून.