‘दहा मिनिटांत ४० जीबी मोकळी’: विंडोज ११ आधीच्या साफसफाईबद्दल फिरणारा निरोप कुठे चुकतो

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या निमित्ताने फिरणाऱ्या निरोपाचा मजकूर साधारण असा: जुन्या लॅपटॉपवर ११ टाकायचं तर सी ड्राइव्हमध्ये ४० जीबी मोकळी हवी. त्यासाठी टेम्प (तात्पुरत्या फाइली) आणि प्रीफेच (प्रोग्राम लवकर उघडण्यासाठीच्या नोंदी) रिकामे करा, विनएसएक्सएस (विंडोजच्या घटकांचा साठा) फोल्डर उडवा, हायबरनेशन (चालू काम डिस्कवर जपून मशीन बंद करणं) आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा) बंद करा, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करणारा क्लीनर चालवा, रिकव्हरी पार्टिशन (दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) काढून टाका. यातलं हायबरनेशनचं कलम बरोबर आहे, टेम्पचं अर्धं. बाकीची एकतर निरुपयोगी आहेत किंवा अपग्रेडच अडवणारी.

काहीही पुसण्याआधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे छोटं ॲप चालवा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसेल किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसेल (इंटेलमध्ये मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचे चालतात), तर जागा कितीही केली तरी अधिकृत अपग्रेड मिळणार नाही. मग हा सगळा खटाटोप कशाला?

‘४० जीबी मोकळी हवीच’

अधिकृत अट ड्राइव्हच्या एकूण आकाराची आहे, ६४ जीबी. मोकळी जागा २५ जीबीच्या आसपास असली की सहसा निभावतं. सेटअपची फाइलच पाच जीबीच्या वर असते, ती उलगडायला आणखी जागा लागते आणि जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये शिल्लक राहतं. जागा कमी पडली तर सेटअप ८००७००७० ने संपणारा एरर कोड देतो. याचा अर्थ सरळ ‘डिस्क भरली’ असा आहे.

‘विनएसएक्सएस उडवा, दहा जीबी मिळतील’

या निरोपातलं सगळ्यात घातक कलम हेच. एक्स्प्लोररमध्ये या फोल्डरचा आकार आठ-दहा जीबी दिसतो खरा, पण तो फुगलेला असतो. यातल्या बऱ्याच फाइली हार्ड लिंकने सिस्टम-३२ सारख्या फोल्डरांशी जोडलेल्या असतात. डिस्कवर फाइल एकच, नावं दोन ठिकाणी, आणि एक्स्प्लोरर ती दोनदा मोजतो. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडून डिसम या साधनाने ‘ॲनालाइझ कॉम्पोनंट स्टोअर’ चालवलं, तर दिसणारा आकार, खरा आकार आणि विंडोजशी सामायिक असलेला भाग वेगवेगळे दिसतात. फरक पाहिला की उडवायचा मोह आपोआप जातो.

मालकी बदलून हा फोल्डर जबरदस्तीने पुसला तर विंडोज अपडेट बसणं बंद होतं, आणि ११ चा सेटअप ज्या पायावर उभा राहायचा तोच जातो. त्यातली खरोखर काढण्याजोगी जागा हवी असेल तर डिस्क क्लीनअप उघडा, ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा आणि यादीतलं ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ निवडा. जुन्या अपडेटांचा साठा तिथून रीतसर जातो. हे काम बराच वेळ चालतं. अडकलं समजून मध्येच बंद करू नका. विंडोजमधल्या ‘इन्स्टॉलर’ या लपवलेल्या फोल्डरलाही हात लावायचा नाही, नाहीतर ऑफिससारखे प्रोग्राम धड अपडेट होत नाहीत आणि धड निघतही नाहीत.

‘हायबरनेशन बंद करा’

हे करा. हायबरनेशनची फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. ८ जीबी रॅमला सुमारे ३.२ जीबी. ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग स्लॅश एच, मग ऑफ, एवढं टाइप केलं की फाइल त्या क्षणी जाते. मात्र त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही (मशीन झटपट सुरू होण्याची सोय) बंद होतं, आणि बॅटरी अगदी संपत आली तर काम डिस्कवर जपून ठेवायची सोय राहत नाही. अपग्रेड झालं की हीच आज्ञा ‘ऑन’ लावून द्या.

‘पेजफाइलही बंद करा’

हे करू नका. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सेटअपला मेमरी कमी पडते ती नेमकी इथेच. पेजफाइल नसली की प्रोग्रामांना मिळणारी एकूण मेमरी जवळपास रॅमपुरती उरते. डी ड्राइव्ह वेगळा असेल तर पेजफाइल तात्पुरती तिकडे हलवा. तेवढं पुरे.

टेम्प, प्रीफेच, रजिस्ट्री

प्रीफेचमध्ये जास्तीत जास्त हजारभर लहानशा फाइली असतात. त्या पुसून जागा जवळपास मिळतच नाही, उलट पुढचे काही दिवस प्रोग्राम सावकाश उघडतात. रजिस्ट्री क्लीनरने तर जागेत काडीचाही फरक पडत नाही, आणि चुकीची नोंद उडाली तर मशीन चालूच होणार नाही.

टेम्प जरूर रिकामं करा, पण एखादं अपडेट रीस्टार्टची वाट पाहत असताना नको. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या मार्गाने जा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाचा चौकोन असतो. त्यात खूण राहिली तर बँकेची स्टेटमेंटं, मुलांचे दाखले, जे काही उतरवून घेतलं असेल ते सगळं रिसायकल बिनमध्ये न थांबता जातं.

‘रिकव्हरी पार्टिशन काढून टाका’

विंडोजचं हे पार्टिशन अर्धा ते एक जीबीचं. एवढ्यासाठी बिघाडाच्या वेळची दुरुस्तीची सोय घालवायची? जानेवारी २०२४ चं एक सुरक्षा अपडेट विंडोज १० च्या पुष्कळ मशीनवर नेमकं याच पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी नसल्यामुळे अडकलं होतं.

आणि निरोपात ज्याचा उल्लेखही नाही ती अडचण अशीच. सी मध्ये ६० जीबी मोकळी असूनही सेटअप म्हणतो, ‘सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’. इथे सी चा संबंधच नसतो. जुन्या लॅपटॉपवर बूटचं लपवलेलं पार्टिशन अनेकदा फक्त १०० एमबीचं असतं आणि त्यात सुमारे १५ एमबी मोकळी लागते. डिस्क जीपीटी पद्धतीची (पार्टिशनांची नवी मांडणी) असेल तर ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल’ आज्ञेने त्या पार्टिशनला वाय हे अक्षर द्या (वाय, कोलन, मग स्लॅश एस). आत ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फाँट्स असं शिरून फक्त फाँट्समधल्या फाइली पुसा. शेजारचं दुसरं काहीही पुसलं तर लॅपटॉप चालूच न होण्याची पाळी येईल.

मग जागा असते कुठे?

बहुतेक वेळा आपल्याच फाइलींत: लग्नाचे व्हिडिओ, आउटलुकच्या मेलचा साठा, आयट्यून्सने घेतलेले फोनचे जुने बॅकअप. आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. मग डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅबवरून फोल्डर डी वर हलवा. युजर्सचा अख्खा फोल्डर कट-पेस्ट करू नका, ॲपडेटा (प्रोग्रामांच्या सेटिंगांचा फोल्डर) त्यातच असतो. वनड्राइव्हच्या फाइली डिलीट केल्या तर क्लाउडमधूनही जातात. राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडलं तर फक्त लॅपटॉपवरची प्रत जाते.

इतकं करूनही कमीच पडली, तर सेटअप बाहेरचा ड्राइव्ह मागतो. १० जीबी किंवा जास्त मोकळी असलेला पेनड्राइव्ह लावून पुढे जा आणि अपग्रेड पूर्ण होईपर्यंत काढू नका. जुन्या विंडोजवर परतायचं ठरलं तर मुदत १० दिवसांची असते आणि परतताना तोच पेनड्राइव्ह लागू शकतो, म्हणून तेवढे दिवस तो फॉरमॅट करून दुसऱ्या कामाला घेऊ नका.