आण्णांना गाडी घेऊन देताय? मग एवढं कराच

बघा, घरात सत्तरीच्या आसपासचा माणूस असला आणि गाडी तोच चालवणार असला, तर गाडी घेताना त्याला विचारायचं नाही, हे आधी डोक्यात फिट्ट करा. विचारलं की तो काहीतरी सोपं सांगून मोकळा होतो. आमच्या आण्णांना आम्ही चुकून विचारलं तर म्हणले, "दार उघडलं की सरळ बसता आलं पाहिजे, आन मागचं दिसलं पाहिजे. बास." आता ही काय अट झाली का? एवढ्यात तर साधी वॅगनआर बसते, आणि वॅगनआर घेऊन गावात गेल्यावर चुलते काय म्हणतील याचा विचार त्यांनी केला का? नाही केला. म्हणून म्हणतो, विचारायचंच असलं तर दाजींना विचारा.

दाजी प्रत्येक घरात असतात. आमच्या दाजींकडं स्वतःची गाडी नाही, पण यूट्यूबवर ज्या गाडीचा रिव्ह्यू आलाय ती त्यांना आतून-बाहेरून पाठ आहे. ते शोरूममध्ये आपल्यासोबत येतात, टायरला लाथ मारतात, बॉनेटवर थाप मारतात, पत्रा ऐकतात, आणि मग "रोड प्रेझेन्स" हा शब्द काढतात. तो शब्द निघाला की समजायचं, लहान गाडी गेली. आमच्या घरात रोजची माणसं तीन, थोरला वहिनी-लेकरांसकट पुण्यात, तरीपण सात सीटरच पाहिजे, कारण वर्षातनं एकदा तुळजापूरला सगळे मिळून जातो. बाकीचे 364 दिवस आण्णा एकटेच त्यात बसून दूध आणायला जाणार. जाऊ द्या की.

क्रॅश टेस्टचे स्टार विचारायच्या भानगडीत पडू नका. भारत एनकॅप ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडंच गाड्या आपटून मार्क देतंय, फुकटात बघायला मिळतं, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीत काय मजा. सनरूफ विचारा. लातूरला मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, धुळीचं तर विचारूच नका, तेव्हा काच उघडून डोकं बाहेर काढणार कोण, तर कुणीच नाही, पण असावं.

आता उंच गाडीत सत्तर वर्षांचा माणूस कसा बसतो ते एकदा नीट उभं राहून बघाच. आण्णा आधी पिशवी आत ठेवतात. मग उजव्या हातानं दार धरतात, डाव्या हातानं स्टिअरिंग, कारण हँडल कुठंय ते अजून सापडलेलं नाही. मग डावा पाय फूटस्टेपवर, आणि इथं ते थांबतात. गुडघा नाही म्हणतो. खाली वाकून पायजमा जरा वर घेतात, इकडं-तिकडं कोणी बघत नाही ना ते बघतात, आणि मग "विठ्ठला" म्हणून एकदम आत पडतात. आम्ही गेटात उभे राहून ह्याला रुबाब म्हणतो.

आत गेल्यावर दहा इंची स्क्रीन. मागचा कॅमेरा आहे ना, मान वळवायची गरजच नाही, असं सेल्समननं आण्णांच्या मानेकडं बघून सांगितलं होतं. आण्णांचा चष्मा दोन भागांचा. वरच्या भागातून रस्ता दिसतो, खालच्या भागातून स्क्रीन, आणि मधल्या रेघेत जे काय येईल ते देवाच्या भरवशावर. मोतीबिंदू एका डोळ्याचा झालाय, दुसऱ्याचा "पिकला की करू" म्हणतात. ह्या विषयावर घरात कोणी बोलायचं नसतं, वाईट दिसतं.

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हा पुढचा प्रश्न, आणि इथं लोक लई चुका करतात, सरळ आण्णांच्या नावावर घेतात. असं करू नका. आण्णांच्या जुन्या गाडीवर सलग पाच वर्ष क्लेम नसल्यामुळं 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यात सूट, जमला होता. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, जुनी विकताना कंपनीकडनं पत्र घेतलं की नव्या गाडीला लागतो. म्हणून आम्ही नवी गाडी थोरल्याच्या नावावर घेतली. थोरल्याचा बोनस शून्य, पण टॅक्स रिटर्न चांगला आणि लोन पटकन झालं. आता शून्यावरून परत 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत 50 ला जायला पाच वर्ष लागतील, तोवर आण्णा शहात्तरचे. घाई काय आहे.

पासिंग पण पुण्यातच केलं. एम.एच. 12 दिसलं की आमच्याकडं माणूस खुर्ची पुढं करतो. विम्यात पुणे ए झोनला आहे, लातूर-बीड-परभणी सगळं बी झोनला, म्हणजे तीच गाडी इकडं नोंदवली असती तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता थोडा कमी बसला असता. रुबाबाचा चार्ज समजायचा. त्यात थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, हप्ता सरकारनं निव्वळ इंजिनच्या सीसीवर बांधून दिलेला, जून 2022 च्या दरानं हजार सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला 2,094 रुपये आणि दीड हजाराच्या वर 7,897. आण्णांनी सांगितलेली गाडी पहिल्यात बसत होती. दाजींनी सांगितलेली दुसऱ्यात बसली, ऐसपैस.

पॉलिसी वाचायची नाही. ती पोलिसांना दाखवायला असते. मोबाईलमध्ये पीडीएफ टाकायची आणि "फुल इन्शुरन्स हाय" म्हणायचं. मी एकदा चुकून वाचली आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यात पंधरा लाखांचं अपघात कव्हर असतं, सक्तीचं, त्याला म्हणतात ओनर-ड्रायव्हर. म्हणजे मालक स्वतः, स्वतःच्या लायसन्सवर गाडी चालवत असला तर. आमचा मालक हिंजवडीत लॅपटॉपपुढं बसलाय आणि चालवणारे आण्णा इकडं नांदेड रोडला. म्हणजे पंधरा लाख कुणाला, तर जो गाडीत नाही त्याला. एजंटाला फोन केला तर म्हणाला, "दादा, मग आण्णांसाठी वेगळं कव्हर टाकावं लागतंय, थोडे पैशे वाढतेत." किती म्हणलं तर काही शे रुपये. मी म्हणलं राहू द्या, सीट कव्हरला आत्ताच बारा हजार घातलेत.

इंग्लंडात म्हणे सत्तरीला लायसन्सच संपतं, मग दर तीन वर्षांनी नवं काढा, तब्येतीचं स्वतः लिहून द्या, आणि विमा कंपन्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकडनं हप्ताही वाढवून घेतात. किती हा अपमान. आपल्याकडं हप्ता ठरवताना आधी वय बघतात ते गाडीचं. ती पाच वर्षांची होईस्तोवर तिची विम्यातली किंमत निम्म्यावर येते, प्लास्टिक आणि रबर तर पहिल्या दिवसापासून निम्म्या भावानं धरतात. आण्णांचा घसारा कोणी काढत नाही.

लायसन्सचं तेवढं आहे थोडं. पंचावन्नच्या पुढं ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, आणि सोबत डॉक्टरचा फॉर्म 1-अ लागतो, डोळे-कान-बिन तपासून. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी आण्णांना आधी चहा पाजला, ऊस किती टन निघाला ते विचारलं आणि सही केली. भिंतीवरचा तक्ता कॅलेंडरच्या मागं होता. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी ठोकली तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते, म्हणून तारीख तेवढी सांभाळा, डोळ्यांचं बघू पुढं.

एजंटानं इंजिन प्रोटेक्ट म्हणून अजून एक प्रकार दाखवला होता, इंजिनात पाणी गेलं तर. आम्ही सगळे हसलो. अहो 2016 ला लातूरला मिरजेवरून रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं, आमच्या इंजिनात कुठून पाणी जायचंय? नाही घेतलं. मग 2025 चा सप्टेंबर आला, मराठवाड्यात नद्या गावात शिरल्या, आणि गाडी निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल मारायचा नसतो, मारला की पाणी आत ओढलं जातं, रॉड वाकतो, आणि असं नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही. हे मला तेव्हाही माहिती होतं. आण्णा किल्ली घेऊन निघाले तसा मी मागनं ओरडलो, पण पावसात त्यांना ऐकू गेलं नाही. आई म्हणाली तुला तरी कुठं पोहता येतंय, बस घरात. नशीब, बॅटरी उतरलेली होती. आमच्या घराण्यात एवढी कामाला आलेली दुसरी बॅटरी नाही.

ठोकली ती जानेवारीत. सातला अंधार, औशाच्या अलीकडं उसाची ट्रॉली, मागं ना लाल पट्टी ना रिफ्लेक्टर, समोरच्या ट्रकचे डिपर डोळ्यात. आण्णा तीसच्या स्पीडला होते म्हणून बंपरवर निभावलं. आता क्लेम कसा करायचा ते सांगतो, कारण आम्ही केला. बंपर 6,000, रंग-मजुरी 4,000, बिल 10,000. सर्व्हेअरनं बंपर प्लास्टिकचा म्हणून निम्मा कापला, झिरो डेप, म्हणजे असा घसारा न कापणारं जादा कव्हर, आम्ही घेतलेलं नव्हतं. रंगाच्या सामानातले 500 गेले. वरून फाईल चार्ज, म्हणजे दर क्लेममागं आपल्याच खिशातनं जाणारी ठरलेली रक्कम, दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला 2,000, लहान गाडीला हजारच असतो. हातात आले 4,500. आम्ही पेढे आणले. पुढच्या रिन्यूअलला कळलं की थोरल्यानं कसाबसा मिळवलेला 20 टक्के बोनस पण गेला, पायऱ्या परत खालनं. बोनस वरच्या पायरीवर असता तर चार-साडेचार हजाराच्या क्लेमपायी एका वर्षात त्याच्यापेक्षा जास्त हप्ता भरला असता, म्हणजे बघा, आण्णांचा 50 टक्के आधीच घालवल्यामुळं आमचं नुकसान किती कमी झालं!

त्यानंतर एका दुपारी आण्णांनी भिंग घेऊन अख्खी पॉलिसी वाचली. रिटायर्ड मास्तर, सोडतात होय. पेन्सिलनं खुणा केल्या, मग मला हाक मारली.

"ह्याच्यात माझं नाव कुठंय रे?"

"तुमचं कामून पाहिजे आण्णा? तुमी फक्त चालवायची."

काही बोलले नाहीत. भिंग पुसून डब्यात ठेवलं.

परवा अंबाजोगाईला लग्न होतं, तर स्टँडवर जाऊन एसटीनं गेले, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट आहे. चार वर्षांनी पंच्याहत्तर झाले की फुकट. दाजींना हे पटलेलं नाही, घरात एवढी गाडी असताना माणूस लाल डब्यानं जातो म्हणजे काय. गाडी दारात कव्हर घालून उभी आहे, थोरल्याच्या खात्यातून पाच तारखेला लोनचा हप्ता जातो. उंदरांनी एकदा वायरी कुरतडल्या, आता बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधून ठेवलीय. बॅटरी उतरू नये म्हणून मी दोन दिवसाआड सेल मारतो, पाच मिनिटं चालू ठेवतो, सनरूफ उघडून बंद करतो.