यंत्राशी लढत हवी, पण अटी बरोबरीच्या हव्यात

संगणकाशी बुद्धिबळ खेळणे म्हणजे एस्टीबरोबर धावण्याची शर्यत लावणे, त्यात हारजीत कसली आणि न्याय-अन्याय तरी कसला, असे आमच्या रत्नागिरीत मुलांना स्पर्धेला घेऊन येणारे पालक अनेकदा म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. एस्टी आणि माणूस एका नियमाने धावत नाहीत. पटावर मात्र दोघांनाही तीच चौसष्ट घरे, तितक्याच सोंगट्या आणि तेच घड्याळ असते. म्हणूनच पटाबाहेर कोणाला काय मिळाले होते, हे विचारावेच लागते, आणि माझ्या मते माणूस व संगणक यांच्यातल्या सामन्यांचा खरा वाद तिथेच आहे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हने आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला ४-२ असे हरवले. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा यंत्र साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकले. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या त्या यंत्राच्या ताकदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती तयारीबद्दल. यंत्र घडवणाऱ्यांकडे कास्पारोव्हचे वर्षानुवर्षांचे डाव होते आणि मदतीला ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन होते. कास्पारोव्हला मात्र सुधारलेल्या डीप ब्लूचे ताजे डाव अभ्यासाला मिळालेच नाहीत. शिवाय दोन डावांच्या मधल्या काळात यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करण्याची मुभा नियमांनीच दिली होती. या अटी त्याने स्वतः मान्य केल्या होत्या हे खरे, पण मान्य केलेली प्रत्येक अट न्याय्य असतेच असे नाही.

दुसऱ्या डावात यंत्राने सहज मिळणारी प्यादी सोडून उंटाची एक शांत चाल केली, आणि ती माणसाच्या सांगण्यावरून झाली असावी, असा संशय कास्पारोव्हच्या मनात शिरला. त्याने डाव सोडून दिला. सतत शह देऊन तो डाव बरोबरीत सोडवता आला असता, हे नंतर विश्लेषणातून पुढे आले. तिसऱ्या डावात त्याने वजिरासमोरचे प्यादे एकच घर पुढे सरकवून सुरुवात केली, म्हणजे यंत्राच्या पाठांतराबाहेर जायचे म्हणून स्वतःचा नेहमीचा खेळच त्याने बाजूला ठेवला. सहावा डाव १९ चालींत संपला, आणि त्यातले घोड्याचे निर्णायक बलिदान यंत्राच्या सुरुवातीच्या चालींच्या संग्रहात आधीच भरलेले होते. माणसाचा हात असल्याच्या संशयाला पुरावा कधीच मिळाला नाही, आणि तो आरोप मला अयोग्य वाटतो. पण यंत्राने चाली कशा निवडल्या याच्या नोंदी आयबीएमने त्याच वेळी दाखवल्या असत्या आणि परतीचा सामना नाकारला नसता, तर संशयाला एवढी जागाच उरली नसती. जिंकल्यावर यंत्र निवृत्त करून टाकणे ही प्रतिस्पर्ध्याची रीत नव्हे.

हे वेगळ्या रीतीने करता येते, हे रशियन जगज्जेत्या व्लादिमिर क्रॅमनिकच्या सामन्यांनी दाखवले. २००२ मध्ये बहारीनला त्याला डीप फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमची प्रत आधीच अभ्यासायला मिळाली होती, आणि तो सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. २००६ मध्ये बॉनला तर यंत्र आपल्या संग्रहातून चाल करत असेल तोवर तो संग्रह क्रॅमनिकला पडद्यावर दिसत होता. तिथे तो ४-२ असा हरला, एका डावात तर एका चालीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. त्या पराभवात मला अन्याय कुठेच दिसत नाही. दमणे, चुकणे, घड्याळाकडे बघून घाबरणे हे माणसाच्या खेळातच आले.

आता त्या सामन्यांचे दिवस सरले, कारण आजच्या इंजिनांपुढे, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमांपुढे, जगज्जेताही टिकत नाही. तरीही एक स्पर्धा आपण मुलांवर न विचारता लादतो आहोत. मागच्या एका स्पर्धेत एका लहान मुलीने हत्ती-प्याद्यांचा अवघड शेवट फार चिकाटीने जिंकला. पेन्सिलीने लिहिलेला तिचा चालींचा कागद वडिलांनी तिथेच मोबाइलवरच्या इंजिनात भरला आणि चार चालींत मात होती, ती तुला दिसली नाही, असे तिला सुनावले. तिने कागद घडी करून पिशवीत टाकला आणि पुढच्या फेरीला जाईपर्यंत ती कोणाशी बोलली नाही. जी लढत तिने स्वीकारलीच नव्हती, तिच्यात तिला हरवून मोकळे झाले! चुका दाखवाव्यात, जरूर दाखवाव्यात, पण आधी तिला स्वतःच्या डोक्याने शोधू द्यावे आणि इंजिन दुसऱ्या दिवशी उघडावे.

यंत्राशी खेळायचेच असेल, तर आमच्याकडच्या मे महिन्याच्या शिबिरांत ते उघडपणे सवलत घेऊन खेळावे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डनने कोमोडो या इंजिनाला एका घोड्याविना खेळायला लावून ५-१ असे हरवले, आणि त्या विजयात कमीपणा मानण्यासारखे मला काही दिसत नाही. सवलत किती, वेळ किती, इंजिन कोणते, हे फळ्यावर आधी लिहावे, आणि हरलेल्या मुलाने पुन्हा डाव मागितला तर तो त्याला मिळावा.