पाच स्टार आणि सीट कव्हरखालचे बकल

नाशिकला आमच्या घरी नव्या गाडीचा विषय निघाला की दादाचा पहिला प्रश्न पूर्वी ‘ॲव्हरेज किती देते?’ हा असे. आता तो ‘स्टार किती?’ असे विचारतो. 2023 मध्ये गाड्या आदळवून त्यांना सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्या आणि बोनेटवर टिचकी मारून पत्र्याची जाडी जोखणारे आमचे नातेवाईकही एअरबॅग मोजू लागले. ज्या शहराच्या सातपूरमध्ये गाड्या तयार होतात तिथे गाड्यांबद्दल प्रत्येकाला ठाम मत असणे ओघानेच आले, आणि मतांची गाडी सुरक्षिततेच्या वाटेला लागली याचा मला जर्मनीत बसून आनंदच वाटत होता.

गेल्या दिवाळीत मात्र दादाच्या त्या पाच स्टारच्या, सहा एअरबॅगच्या गाडीत मी मागे बसलो आणि सवयीने पट्टा ओढला, तर अडकवायला बकलच सापडेना. गाडी घेतल्या दिवशीच बसवलेल्या जाड सीट कव्हरखाली तिन्ही बकले गडप झाली होती. मी बोटांनी चाचपत असताना शेजारून आई म्हणाली, “अरे, गंगापूर रोडपर्यंत तर जायचंय.” पुढे पाहिले तर वहिनींच्या बाजूच्या बकलमध्ये पट्ट्याऐवजी एक लहानशी धातूची क्लिप खोचलेली होती; ती लावली की पट्टा न बांधताही गाडीची पिरपिर बंद होते.

स्टार देताना जे पुतळे गाडीत बसवून गाडी आदळवतात, त्यांना पट्टे बांधलेले असतात, हे मी दादाला सांगितले तेव्हा त्याला खरोखरच आश्चर्य वाटले. समोरून आदळण्याची ती चाचणी ताशी 64 किलोमीटर वेगाने होते; समृद्धी महामार्गावर 120 ची परवानगी आहे, आणि वेग दुपटीच्या जवळ गेला तरी धडकेची ऊर्जा साडेतीन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एअरबॅगही पट्ट्याच्या जोडीने काम करण्यासाठीच बनवलेली असते. पट्टा नसलेला माणूस पुढे फेकला जात असताना ती उघडली, तर तिचाच तडाखा त्याला बसू शकतो. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा मागच्या पट्ट्यावर घरोघरी चर्चा झाली होती. पुढे ती सीट कव्हरखाली गेली.

इथे कोणी म्हणेल की परदेशात राहणाऱ्यांना घरचे दोष दाखवण्याची खोडच असते, म्हणून माझीच फजिती सांगतो. भारतीय परवाना जर्मनीत जेमतेम सहा महिने चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो तो एका शांत वस्तीतल्या, पाटी नसलेल्या चौकात, कारण उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे असते आणि मी तिकडे मान न वळवता सरळ पुढे गेलो होतो. घरी येऊन चिडून शोधले तर हाच नियम भारताच्या 1989 च्या रस्ता नियमांतही होता. नाशिकला मैदानात आठ काढून परवाना मिळवताना तो मला कोणी विचारला नव्हता, आणि पुढची नऊ वर्षे कॉलेज रोडवर गाडी चालवताना मलाही कधी आठवला नव्हता.

जर्मन लोक उपजत शहाणे आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गांच्या, मोठ्या भागावर आजही वेगमर्यादा नाही, 1974 पासून 130 ची केवळ शिफारस आहे, आणि ती सक्तीची करण्याचे नाव काढले की इथले लोक आपल्याकडच्या हेल्मेटविरोधकांइतकेच तावातावाने भांडतात. तरीही 2023 मध्ये इथे रस्त्यांवर 2,839 माणसे गेली, तर भारतात त्याआधीच्या वर्षी 1,68,491; लोकसंख्येचे प्रमाण लावले तरी फरक तिपटीहून अधिक उरतो. “तुमच्याकडे खड्डे नाहीत, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर नाहीत,” हे दादाचे म्हणणे मला मान्य आहे. पण भारतातल्या त्या मृतांपैकी सुमारे 45 टक्के दुचाकीवरचे आणि जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता, हे पाहिल्यावर आमच्या घरातल्या वादाचा रोखच मला चुकीचा वाटू लागतो. नाशिकच्या द्वारका चौकात जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला दादाच्या गाडीचे पाचही स्टार काही उपयोगाचे नाहीत. उलट उंच बोनेटची जड गाडी त्याच्या पायांऐवजी छातीवर आदळते. स्टार पाहून गाडी घेणाऱ्याने हाही विचार करावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सक्तीनेही काम अर्धेच होते. 15 ऑगस्ट 2021 पासून नाशिकमध्ये ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपावर मागच्याचे हेल्मेट उसने घेऊन टाकी भरल्याचे किस्से मला फोनवर हसत सांगितले गेले आणि मीही हसलो होतो.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी दादाने ब्लेड आणून सीट कव्हरला तीन चिरा पाडल्या आणि बकले वर काढली. त्यांवरचे कंपनीचे प्लॅस्टिक अजून निघालेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानतळापर्यंत आईने पट्टा लावला, कसारा घाटात दोनदा ‘गळ्याला काचतो’ म्हणाली, पण काढला नाही. पुढची क्लिप जागेवरच होती. ती काढायला वहिनींनी साफ नकार दिला.