अँथ्रोपॉलॉजीला स्कोप नाही हा मेसेज पाठवण्याआधी हे वाचा

निकालाचे दिवस आले की अँथ्रोपॉलॉजीवरचा (म्हणजे मानवशास्त्र, माणसाच्या शरीराचा आणि समाजाचा अभ्यास) तो मेसेज परत फिरायला लागतो. "अँथ्रोपॉलॉजीत एमए करू नका, कवट्या मोजायचा विषय आहे, उपयोग फक्त यूपीएससीला, बाहेर कोणी विचारत नाही." यंदा तो माझ्या मामेबहिणीच्या घरी पोचला, तिने पुण्याला अ‍ॅडमिशन घ्यायचं पक्कं केलं होतं आणि आता मामा नको म्हणतोय, म्हणून लिहितेय.

पहिलं, कवट्या. हो, मोजतात. शारीरिक मानवशास्त्र हा विषयाचा एक भागच आहे आणि सापडलेल्या सांगाड्यावरून वय, उंची, बाई की पुरुष याचा अंदाज काढणं पोलीस तपासात लागतं, त्यात कमीपणा कसला? मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वेंनी बर्लिनला पीएचडी केली ती कवटीवरच. पण त्या तिथे थांबल्या का? पुढे नातेसंबंधांवर काम केलं, वारीबरोबर चालल्या, कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. हे सगळं एकाच विषयात बसतं.

दुसरं, फक्त यूपीएससी. अहो, यूपीएससीला ऑप्शनल, म्हणजे आपल्या आवडीचा विषय, म्हणून हा घ्यायला एमए लागतच नाही, इंजिनीअर पोरंपण घेतात, 250 मार्कांचे दोन पेपर, नोट्स काढल्या की झालं. एमएत जे मिळतं ते नोट्समध्ये नसतं, ते म्हणजे फील्डवर्क, लोकांमध्ये जाऊन राहून केलेला अभ्यास. मी रायगडमध्ये कातकरी आदिवासींच्या पाड्यांवर सर्व्हेला होते तेव्हाची गोष्ट, जानेवारीत गेलो तर निम्म्या घरांना कुलूप, फॉर्मवर 'कोणी नाही' लिहून पुढे जायचं असं ठरलेलं, पण एका आजीजवळ बसून विचारलं तर कळलं की दिवाळीनंतर सगळे वीटभट्टीवर जातात, पोरांसकट, ते पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळा बुडते, लस चुकते, आणि आपल्या कागदावर ती माणसंच नसतात. मग आम्ही भट्ट्यांवर जाऊन फॉर्म भरले. आजीजवळ बसायला, काय विचारायचं आणि कधी गप्प राहायचं हे मला या विषयाने शिकवलं.

तिसरं, कोणी विचारत नाही. जाहिरातीत 'मानवशास्त्रज्ञ' हा शब्द शोधाल तर थोडंच सापडेल, हे खरं. भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था आहे, नागपूरला त्यांचं केंद्र आहे, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, नेट परीक्षा काढून कॉलेजात शिकवता येतं. पण बरीच कामं दुसऱ्या नावाने असतात, आरोग्याच्या प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट, पुनर्वसनाचा सामाजिक अभ्यास, अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांत यूजर रिसर्च, म्हणजे लोक अ‍ॅप कसं वापरतात ते समजून घेणं. 2014 ला पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा लोक आजारी माणसं लपवत होते, कारण आजार पसरू नये म्हणून आरोग्य पथकं मृतदेहाला अंघोळ घालून नीट निरोप देऊ देत नव्हती, तिथे मानवशास्त्रज्ञांना बोलावलं आणि मानाने पण सुरक्षित दफन कसं करायचं ते गावकऱ्यांशी बोलून ठरवलं गेलं.

पैशाचं मात्र सरळ सांगते. सुरुवातीला अकरा महिन्यांची कॉन्ट्रॅक्ट असतात, पगार बेताचा, घरी लगेच पैसे द्यायचे असतील तर जड जातं, मलाही गेलं.

मामेबहिणीला एवढंच सांगितलंय, फॉर्म भरायच्या आधी डिपार्टमेंटला जा आणि मागच्या बॅचला फील्डवर्कला कुठे नेलं, किती दिवस नेलं ते विचार. पंधरा दिवस तरी गावात मुक्काम असेल तर भर फॉर्म, मामाशी मी बोलते.