घरकुल मोजताना मे महिनाही मोजा

कोल्हापूरच्या घरांवर जे वाद चालतात ते मी इथं जर्मनीत बसून नेमानं वाचतो. हद्दवाढ हवी की नको, पूररेषेत परवानग्या द्यायच्या का, घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव आलं आणि कुणाचं राहिलं. हे वाद फुकाचे नाहीत. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी ज्याच्या माजघरात आलं, त्याला पूररेषा काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पण मिळालेल्या घरात मे महिन्यात झोप लागते का आणि त्याचं वीजबिल परवडतं का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

कागलात माझ्या मावसभावाचं घरकुल झालं. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी कर्ज. दोन खोल्या, वर उघडा स्लॅब, पश्चिमेला सहा इंची भिंत, खिडक्यांना छज्जा नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. पोरं गच्चीवर झोपतात. मावशीचे गुडघे गेलेत, तिला जिना चढवत नाही, ती दार उघडं टाकून उंबऱ्याशी पडून राहते. पावसाळ्यात तीच पश्चिमेची भिंत ओल धरते आणि कपाटामागं काळी बुरशी चढते. शेजारीच त्यांचं जुनं कौलारू घर आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, पुढं सोपा, भर दुपारी आत गार. त्याचे वासे तेवढे कुजलेत. पण नुसत्या दुरुस्तीला घरकुल योजनेत पैसे नाहीत, नवं बांधलं तरच मिळतात.

इथं घर भाड्यानं घेताना जाहिरातीतच घराचा ऊर्जावर्ग छापलेला असतो, ए प्लसपासून एचपर्यंत. भाडं कमी पण वर्ग एच असेल, तर हिवाळ्यात हीटिंगचं बिल कंबरडं मोडणार, हे आधीच कळतं. माणूस भाडं आणि बिल यांची बेरीज करून घर निवडतो. १९९१ मध्ये डार्मश्टाट शहरात पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे जवळजवळ हीटिंगशिवायच उबदार राहणारं घर, उभं राहिलं. त्या पद्धतीच्या घराला तापवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे फार तर १५ युनिट ऊर्जा लागते. मात्र हे तंत्र जसंच्या तसं उचलून कोल्हापुरात आणू नये. इथली धडपड ऊब आत कोंडण्याची आहे. आपल्याला ऊन बाहेर अडवायचं आहे, वारा खेळता ठेवायचा आहे आणि चार महिन्यांचा पाऊस भिंतीत मुरू द्यायचा नाही.

आपल्याकडं नियम नाहीत असंही नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली. तिनं भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली. पण ती काढली ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या पुढं. एक गुंठ्यात बांधणारा माणूस तिच्या बाहेरच राहिला, आणि उकाड्याचा सगळ्यात जास्त मार त्यालाच.

या घरांना महागडं काही लागत नाही. स्लॅबवर कोबा आणि त्यावर पांढरे चायना चिप्स, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे, तेही जमत नसेल तर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात. तेलंगणानं २०२३ मध्ये अशा थंड छतांचं धोरणच केलं. खिडकीवर दीड-दोन फुटी छज्जा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट ट्रॅप पद्धतीची भिंत, ज्यात विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवतात. विटा जवळपास पाव हिश्शानं वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळं ऊन उशिरा आत येतं. त्यासाठी गवंड्यांना शिकवावं लागेल आणि ते काम नगरपालिकेनं अंगावर घ्यावं. आणि पंखा. साधा पंखा ७५ वॅटचा, नवा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा तीसेक वॅटचा. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात.

हे घडवून आणण्याची किल्ली हातातच आहे. घरकुलाचा हप्ता पाया, लिंटेल (दार-खिडक्यांवरची तुळई), छत अशा टप्प्यांचे फोटो जिओटॅग झाल्यावर, म्हणजे जागेच्या नोंदीसह चढवल्यावर, सुटतो. लिंटेलच्या फोटोत छज्जा दिसला पाहिजे, शेवटच्या फोटोत पांढरं छत दिसलं पाहिजे, एवढी अट घालावी आणि तेवढे पैसे वाढवून द्यावेत. वाढीव पैशाशिवाय अट घातली तर ती गरिबाच्याच मानगुटीवर बसेल. कागल, मुरगूड, कुरुंदवाडसारख्या गावांनी सुरुवात करावी. तिथला इंजिनिअर प्रत्येक घरापर्यंत पोचू शकतो.

आणि दुरुस्तीला पैसे द्याच. पण इथं झालं ते तिथं होऊ देऊ नका. जर्मन कायद्यानुसार सुधारणेच्या खर्चाचे आठ टक्के घरमालकाला वार्षिक भाड्यात चढवता येतात. आमच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना जाड आवरण बसवलं, हीटिंगचं बिल उतरलं, पण भाडं त्याहून जास्त वाढलं आणि पेन्शनवर जगणारी दोन बिऱ्हाडं घर सोडून गेली. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या घरांतून भाडेकरू राहतात. सरकारी पैशातून घर दुरुस्त झालं की निदान दहा वर्षं त्यांचं भाडं वाढणार नाही आणि त्यांना कुणी बाहेर काढणार नाही, हे मालकाकडून आधी लिहून घ्यावं, मगच पहिला हप्ता सोडावा.