‘डाव्यांनी सत्ता नाकारली आणि संपले’: कोणत्या डाव्यांनी?

इंदूरच्या मराठी मंडळींत एक मजकूर फोनवरून फोनवर फिरतोय. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत बहुतेकांनी तो वाचला असेल. त्याचा सारांश असा: १९९६ साली डाव्यांनी हातात आलेलं पंतप्रधानपद नाकारलं आणि तिथेच ते संपले. बाहेरून पाठिंबा देणं म्हणजे अधिकार हवा, जबाबदारी नको. त्यांच्या आपसातल्या कुरबुरी खुर्चीसाठी असतात. आणि शेवटी, इंदूरला याच्याशी काय देणंघेणं, इथे लाल झेंडा होताच कधी? शिकलेसवरलेले लोक हा मजकूर पुढे पाठवताहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

‘डाव्यांनी नाकारलं’ इथेच पहिली गफलत आहे. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे (माकप) ३२ आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे (भाकप) १२ खासदार निवडून आले होते. काँग्रेस आणि भाजपबाहेरच्या पक्षांच्या संयुक्त आघाडीने पंतप्रधानपदासाठी बंगालचे मुख्यमंत्री, माकपचे ज्योती बसू यांचं नाव पुढे केलं. बसू तयार होते, पक्षाचे सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजितही तयार होते, पण माकपच्या केंद्रीय समितीत बहुमत विरोधात गेलं. आघाडीने फेरविचाराची गळ घातली, तरी निर्णय बदलला नाही. भाकपने मात्र उलट ठरवलं आणि सरकारात प्रवेश केला. इंद्रजित गुप्ता गृहमंत्री झाले, चतुरानन मिश्र कृषिमंत्री. म्हणजे एका डाव्या पक्षाने दार लावून घेतलं, त्याच वेळी त्याचा सख्खा मित्रपक्ष थेट गृहखात्यात जाऊन बसला. मजकूर लिहिणाऱ्याने हा अर्धा भाग गाळला आहे. गाळावाच लागतो, नाहीतर पुढचं काहीच उभं राहत नाही.

माकपने नाकारण्याचं कारण घाबरटपणा नव्हतं. पाचशे त्रेचाळीसच्या सभागृहात आपले ३२, सरकार टिकणार काँग्रेसच्या पाठिंब्यावर. मग धोरणं आपली कशी राबवणार, असा त्यांचा सवाल होता. पुढे घडलं ते त्या शंकेला धरूनच होतं. काँग्रेसने मार्च १९९७ मध्ये पंतप्रधान देवेगौडांचा आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या गुजरालांचा पाठिंबा काढला. १९९७ चा करकपातीचा अर्थसंकल्प, ज्याला उद्योगजगताने डोक्यावर घेतलं, तो सादर झाला तेव्हा भाकपचे दोन्ही मंत्री मंत्रिमंडळात होते. त्यांना तो अडवता आला नाही.

तरीही मला स्वतःला बसूंचं म्हणणं पटतं. त्यांनी त्या निर्णयाला जाहीरपणे ‘ऐतिहासिक घोडचूक’ म्हटलं. दोन खाती सांभाळणं वेगळं आणि पंतप्रधान असणं वेगळं. अर्थमंत्री कोण, अर्थसंकल्पाची दिशा काय, हे पंतप्रधान ठरवतो. भाकपच्या मंत्र्यांचा अनुभव दाखवून ‘बसूंनाही काही जमलं नसतं’ म्हणणं मला मान्य नाही. पण विरोधात मत देणाऱ्यांना मी पळपुटे म्हणणार नाही. १९९८ च्या पक्ष महाअधिवेशनात त्यांनी हा प्रश्न पुन्हा मांडला, त्यावर मतदान घेतलं आणि जुना निर्णय कायम केला. किती पक्ष आपल्या सर्वात मोठ्या निर्णयाची अशी उघड उलटतपासणी करतात?

‘तिथेच संपले’ हे तर आकड्यांपुढे टिकतच नाही. १९९६ नंतर आठ वर्षांनी, २००४ मध्ये, डाव्या पक्षांचे ५९ खासदार निवडून आले. २००९ मध्ये ते २४ वर आले, हे खरं. पण ही घसरण कुठे झाली ते बघा. बंगालमध्ये ४२ पैकी ३५ जागांवरून १५ वर, केरळात आघाडी २० पैकी १८ वरून ४ वर. तिथल्या डाव्या सरकारने सिंगूर आणि नंदीग्राममध्ये उद्योगांसाठी जमिनी घ्यायला काढल्या, त्यावरून बंगालचा शेतकरी दुरावला. त्या पराभवाचं बिल १९९६ च्या नावावर फाडता येणार नाही.

आता बाहेरून पाठिंब्याबद्दल. हा मुद्दा मला सर्वात जास्त टोचला, कारण त्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. २००४ पासून डावे केंद्रातल्या काँग्रेसप्रणीत सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते. २००५ मध्ये त्या सरकारने सरकारी कंपनी ‘भेल’चे दहा टक्के समभाग विकायला काढले. भेलचा मोठा कारखाना भोपाळला आहे, इंदूरच्या कितीतरी घरांतली मुलं तिथे नोकरीला लागली. डाव्या पक्षांनी सरकारबरोबरच्या समन्वय समितीत बसायचं थांबवलं, आणि विक्री बारगळली. त्याच वर्षी ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. मूळ मसुद्यातली दारिद्र्यरेषेची अट डाव्यांनी आणि चळवळींनी रेटा लावल्यावर गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये कायदा लागू झाला तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत झाबुआ, धार, खरगोन, बडवानी होते. इंदूरच्या बांधकामांवर मजुरीला येणारी माणसं याच जिल्ह्यांतली. गावात काम मागायचा हक्क त्यांना मिळाला, तो एकही डावा मंत्री नसताना.

जबाबदारी टाळली म्हणता, तर किंमतही बघा. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी जुलै २००८ मध्ये पाठिंबा काढला. सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासमत जिंकलं. माकपच्या सोमनाथ चटर्जींनी लोकसभा अध्यक्षपद सोडलं नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी माकपने त्यांना पक्षातून काढलं. चाळीस वर्षांच्या सोबत्याला असं काढणं मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. पण याला फुकटची मजा म्हणता येत नाही.

खुर्चीच्या कुरबुरींवर थोडक्यात. नोव्हेंबर २०१७ मध्ये केरळात डाव्या आघाडीच्या सरकारातले राष्ट्रवादीचे मंत्री थॉमस चंडी यांच्यावर जमीन बळकावल्याचे आरोप होते. भाकपचे चारही मंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीला गेलेच नाहीत, आणि त्याच दिवशी चंडींनी राजीनामा दिला. माकपचे मुख्यमंत्री नाराज झाले, दोन्ही पक्षांत तणाव झाला, पण भांडण खुर्ची मिळवण्याचं नव्हतं. बिहारमध्ये २०२२ साली महागठबंधनाचं सरकार आलं, तेव्हा भाकप (माले) या आणखी एका डाव्या पक्षाकडे १२ आमदार होते. त्यांनी पाठिंबा दिला, मंत्रिपद घेतलं नाही. आणि सत्तेला शिवायचंच नाही असंही डाव्यांचं ब्रीद नाही. महाराष्ट्रात १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख मंत्री होतेच. प्रत्येक वेळी प्रश्न एकच असतो: आपलं बळ किती, आणि कार्यक्रम कोणाचा.

राहिलं इंदूर. हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी या मिल्सचे भोंगे ज्यांनी ऐकले, त्यांना लाल झेंडा कुठे होता हे विचारावं लागत नाही. परदेशीपुऱ्याच्या गल्ल्यांत मराठी मिल कामगारांची घरं होती. १९६२ साली कामगार नेते कॉम्रेड होमी दाजी याच शहरातून, अपक्ष म्हणून, लोकसभेवर गेले. हुकूमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा धनादेश निघायला डिसेंबर २०२३ उजाडलं. त्या तीस वर्षांत भोपाळला काँग्रेस आली, भाजप आला. दिल्लीत डावे मंत्री होते ते फक्त १९९६ ते ९८. डाव्यांनी आत जायला हवं होतं का, असं त्या कामगारांच्या मुलांनी विचारलं तर मी त्यांच्याशी तासभर बसून बोलेन, कारण त्यांना त्या देण्यांचा हिशेब माहीत आहे.